थोरल्याच्या नावाचं पातेलं

आई गेल्यानंतर आमच्या घरात भांडी वाढली.

निपाणीत आमच्या गल्लीत सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. भावकी आणि शेजारपाजार जेवण पाठवतात. सकाळी कुणाचा पिठलं-भाकरीचा डबा, दुपारी कुणाचं आमटीचं पातेलं, संध्याकाळी कुणाकडून भात. जेवण संपतं, भांडी राहतात. कारण भरलेलं आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा आमच्याकडचा एक नियम. आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानं सुतकात कुणाला काही द्यायचं नाही, हा दुसरा. या दोन नियमांच्या मध्ये भांडी अडकतात आणि तेरावं होईपर्यंत तशीच साचत जातात. शेवटी शेवटी आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी भिंतीला टेकून जरा रडायला बसले की कोपर लागून एखादं झाकण खणखणत फरशीवर फिरायचं, आणि आतून कुणीतरी विचारायचं, काय पडलं गं. मनासारखं रडणंसुद्धा झालं नाही.

कुठलं भांडं कुणाचं, हे आई बुडाला पडलेल्या पोच्यावरून सांगायची. पण ती विचारायला नव्हती. तिच्यामुळेच तर भांडी आली होती.

बेळगावातल्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्राम लिहिते. कंपनी म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला. खाली टायरचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या सगळ्या कामाला रबराचा थोडा वास येतो. फौंड्रीतून ओतून निघालेले लोखंडी भाग पट्ट्यावरून सरकत जातात, वर कॅमेरे असतात, ते फोटो काढतात, आणि आमचा प्रोग्राम त्या फोटोंत चीर, भोक, कच्चा कोपरा शोधतो. दिवसभर लोखंडात खोट काढायची, असं हे काम.

अशा प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी अनेक कामकरी राबत असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. एकेका कॅमेऱ्याला एक थ्रेड, तो फोटो घेतो. फोटो तपासणारे थ्रेड वेगळे. फोटो ठेवायला कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा लागते. जागा मागायची, वापरायची, परत करायची. हे देणंघेणं सांभाळणाऱ्या भागाला ॲलोकेटर म्हणतात. तो तयार मिळतो, आणि शहाणा माणूस तयार मिळतो तोच वापरतो.

मी स्वतःचा लिहिला. त्याला कारण होतं. लग्नाच्या मांडवात कोठीवर एकच माणूस बसवलेला असतो. वाढप्यांना पळी हवी, बादली हवी की त्याच्यापुढं रांग लागते, आणि तिकडं पंगत रिकामी पानं समोर घेऊन बसलेली असते. तयार ॲलोकेटर वापरून आमच्या प्रोग्रामचं तेच होत होतं. सगळे थ्रेड एका दारात उभे. मग मी प्रत्येक कॅमेऱ्याच्या थ्रेडला त्याचं स्वतःचं फडताळ दिलं. आपल्या फडताळातली जागा घ्यायची, कुणाला विचारायचं नाही. अडचण एकच होती. फोटो घेणारा एक, आणि तपासून झाल्यावर जागा मोकळी करणारा दुसरा. मोकळी झालेली जागा मूळ फडताळात परत जायला हवी. म्हणून प्रत्येक जागेच्या कपाळावर मी फडताळाचा क्रमांक लिहिला. काम झालं की क्रमांक वाचायचा आणि नेऊन ठेवायचं.

हे मी एकदा काकूला समजावून सांगितलं होतं. काकू म्हणजे आप्पांच्या चुलतभावाची बायको, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आईची मेतकुटातली आणि भांडणातली एकमेव जोडीदार. सुतकात ती आमच्यासाठी आमटी घेऊन आली होती आणि मी लॅपटॉप उघडून काय करते आहे, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे दिवसभर भांडी द्यायची, घ्यायची आणि जाग्यावर लावायची," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच काहीतरी.

"मग एवढं शिकून केलीस काय? ते तर मी बिनपगारी करतो."

माझ्या ॲलोकेटरनं प्रोग्राम पळायला लागला खरा, पण फौंड्रीत बसवल्यावर तो मधेच आडवा व्हायला लागला. तासन्‌तास गुणी बाळासारखा चालायचा आणि मग एकाएकी बंद. ऑफिसात माझ्या टेबलावर मात्र कधीच नाही. आई आजारी असताना मी हा दोष शोधत होते, आणि ती गेली तेव्हा तो तसाच शिल्लक होता.

तेराव्यानंतर साहेबांचा फोन आला. आमचे साहेब घरी कन्नड बोलतात, ऑफिसात मराठी आणि रागावले की इंग्रजी. त्या दिवशी ते मराठीत बोलले, तेही हळू आवाजात, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यांनी आधी आप्पांची चौकशी केली. मग म्हणाले की पुढच्या आठवड्यात फौंड्रीत शेवटची चाचणी आहे. सकाळची अख्खी पाळी प्रोग्राम न थांबता चालला पाहिजे. चालला, तर तू निपाणीत बसून काम करत राहा, हवं तेव्हा बेळगावला ये. नाही चालला, तर तुझा ॲलोकेटर काढायचा आणि तयार मिळतो तो घालायचा. मग सगळं पुन्हा मंद होणार, ते फौंड्रीत बसून सावरावं लागणार, आणि फौंड्रीवाल्यांचा पुण्याजवळ दुसरा कारखाना आहे तिथंही. काही महिने पुण्याला राहावं लागेल. दुसरं कोण आहे माझ्याकडं?

दुसरं कुणी नव्हतं हे खरंच होतं. दुसरं कुणी आमच्या घरातही नव्हतं.

मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, जा की, मी काय लहान हाय? आणि लगेच उठून सायकलची घंटी पुसायला लागले.

आप्पा टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर त्यांनी पत्रं वाटली, आणि बोलणं हे काम त्यांनी आईवर सोपवलं होतं. ती गेल्यावर तिन्हीसांजेला ते स्वयंपाकघराकडं तोंड करून "अगं" म्हणायचे आणि थांबायचे. मग मान वळवून उरलेलं वाक्य मला सांगायचे. वाक्य साधंच असायचं: पाणी आलंय, मांजर आलंय, वीज जाणार म्हणतात. पण मी तिथं नसते तर त्या अर्ध्या वाक्याचं त्यांनी काय केलं असतं, हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नव्हता. पुणं मला वाईट वाटत नव्हतं. मला ते "अगं" वाईट वाटत होतं.

म्हणून मी दोष शोधायला बसले. एका अर्थी बरंच होतं. दुःख करत बसलं तर लोक समजूत घालायला येतात, पुस्तक वाचत बसलं तर नावं ठेवतात. लॅपटॉप समोर असला की कुणी काही म्हणत नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. प्रोग्रामला सांगितलं, तू काय काय करतोस ते दर पावलाला लिहून काढ. आणि घरी बसूनच, इंटरनेटवरून, फौंड्रीतल्या यंत्रावर तो तसा चालवला. तो दिवसभर सुरेख चालला. लिहिणं काढून टाकलं, पुन्हा आडवा झाला. हे असंच असतं. लिहिण्यात वेळ जातो, थ्रेडांची चाल बदलते, आणि ज्या क्षणी दोघांची टक्कर व्हायची तो क्षणच येत नाही. घरात दिवसभर धिंगाणा घालणारं पोर पाहुणे आले की हाताची घडी घालून बसतं, आणि पाहुणे म्हणतात किती शांत आहे हो.

मग मी प्रत्येक जागेच्या शेवटी एक ठरावीक खूण भरून ठेवली. उंबऱ्यापुढची रांगोळी विस्कटलेली दिसली की कुणीतरी तुडवून गेलं एवढं तरी कळतं. आमच्या स्वतःच्या दारात तेव्हा रांगोळी नव्हती, सुतकात ती घालत नाहीत, आणि तेराव्यानंतरही घालायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण मेमरीत मी हजारो रांगोळ्या घातल्या आणि वाट बघत बसले. दोन दिवसांनी एक विस्कटलेली सापडली. छोट्या जागेत कुणीतरी मोठा फोटो कोंबला होता. तो काठावरून सांडला होता आणि शेजारच्या बिचाऱ्याचा सगळा संसार बुडवून गेला होता.

पट्ट्यावर साधे काळे-पांढरे फोटो काढणारे कॅमेरे होते आणि एक रंगीत. रंगीत फोटोला तिप्पट जागा लागते. म्हणजे रंगीत कॅमेऱ्याच्या थ्रेडला कधीतरी साध्या कॅमेऱ्याची छोटी जागा मिळत होती. पण कशी? प्रत्येक जागेवर क्रमांक होता. परत करणारा क्रमांक वाचूनच ठेवत होता. मी तो भाग इतक्या वेळा वाचला की मला तो पाठ झाला, आणि पाठ झालेल्या गोष्टीतली चूक माणसाला दिसत नाही.

इकडं आप्पांना काम मिळालं होतं. सुतक सुटलं होतं, भांडी परत करायची होती.

ते माझ्यावर किंवा काकूवर सोडतील असं मला वाटलं होतं. पण एका सकाळी उठून बघते, तर त्यांनी सोप्यात भांडी गल्ल्यांप्रमाणे लावून ठेवलेली. पलीकडच्या गल्लीची या खांबाशी, देवळामागची त्या खांबाशी. घरांचा क्रमसुद्धा सायकल ज्या वाटेनं जाईल तोच. प्रत्येक भांड्यात चमचाभर साखर घातलेली. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी नेहमीचं होतं. मी विचारलं, कुठलं कुणाचं हे कसं कळलं?

"नाव घातलंय की," आप्पा म्हणाले.

आमच्याकडं स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात. दुकानदार मशीन लावून किर्र आवाजात बारीक ठिपक्यांनी लिहितो. काही भांड्यांवर घराचं स्वतःचं नाव असतं, आणि बऱ्याचशा भांड्यांवर ते ज्यानं लग्नात आहेर म्हणून दिलं त्याचं. हे आप्पांनाही माहीत होतं. परगावच्या मामा-काकांची नावं असलेली भांडी त्यांनी वेगळी काढून काकूला विचारली होती. बाकीची त्यांनी दोन खेपांत पोचवली, घंटी वाजवत, आणि दारात उभं राहून "घ्या" एवढंच म्हणत. बहुतेक पोचलीही बरोबर.

एक चुकलं. एका मोठ्या पातेल्यावर गल्लीतल्याच एका माणसाचं नाव होतं, आडनावासकट. तो माणूस गल्लीच्या टोकाला राहतो, मोबाइल दुरुस्त करतो, सगळे त्याला ओळखतात. आप्पांनी पातेलं त्याच्या घरी नेऊन दिलं. तो दुकानात होता. त्याच्या आजीनं ते घेतलं, उलटसुलट करून बघितलं, साखर एका वाटीत ओतली आणि पातेलं बाहेरच्या कट्ट्यावर पालथं घातलं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं.

ते पातेलं आमच्या काकूचं होतं. कट्ट्यावरची म्हातारी तिची मामी. काकूच्या लग्नात मामानं ते आहेर म्हणून दिलं होतं, आणि नाव मामाचं होतं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडं रीत आहे, तसं ते मोबाइलवाल्या नातवाला ठेवलं होतं. आणि आहेर परत करणं म्हणजे काय, हे आमच्याकडं शाळेत न जाणाऱ्या मुलालाही सांगावं लागत नाही. त्याचा अर्थ, तुमचं आमचं नातं संपलं. वर साखर घालून परत करणं म्हणजे ते आनंदानं संपवलं.

काकूला ही बातमी पाण्याच्या नळावर मिळाली. ती तिथूनच घागर कमरेवर घेऊन आमच्या दारात आली.

"भावजी, माझ्या मामाचा आहेर तुम्ही माघारी दिलासा?"

आप्पा म्हणाले, नाव वाचून दिला.

"नाव वाचून? टपाल हाय काय ते?"

काकू गेल्यावर आप्पा मला समजावत राहिले. नाव तेच. आडनाव तेच. घर तेच. माणूस त्या घरात राहतो. आणखी काय पायजे? आयुष्यभर एवढ्यावर पत्रं दिली, एकसुद्धा माघारी आलं नाही. त्यांचा आवाज बारीक होत गेला. मला दिसत होतं की त्यांना पातेल्याचं वाईट वाटत नव्हतं. एवढी वर्षं आई ही परतफेड करायची आणि कधी कुणाशी वाकडं आलं नव्हतं; ती जाऊन महिना झाला नाही, तोवर त्यांनी दोन घरं तोडून दाखवली होती. ते म्हणाले नाहीत, पण मी पुण्याला गेल्यावर आपण काय काय तोडू, याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं म्हातारीकडं गेलो. आप्पांनी कपाटातून जुना खाकी शर्ट काढून घातला. मी म्हटलं, हा कशाला? ते म्हणाले, चूक वाटणाऱ्याची हाय, घरच्याची न्हाय, हे बघताक्षणी कळाय पायजे.

म्हातारीनं आम्हाला बसायला सांगितलं, पण पाणी दिलं नाही. पातेलं कट्ट्यावर तसंच पालथं होतं आणि त्यावर एक कावळा बसला होता. आप्पांनी जे घडलं ते सांगितलं. काकूचा काही संबंध नाही, तिला माहीतसुद्धा नव्हतं, नाव वाचून मीच दिलं. म्हातारी ऐकत होती. ती आईपेक्षाही जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलेलं नाही, आणि तेच नाव नातवाचं असल्यामुळे नातवालाही ती नावानं हाक मारू शकत नाही. तिच्या तोंडात एक थोरला आणि एक धाकटा.

"पातेल्यावरचं नाव थोरल्याचं," ती म्हणाली. "दिलासा तुम्ही धाकट्याला. थोरल्यानं ते दिलं तवा ह्यो धाकटा जलमला बी नव्हता. मग त्याचं कसं हुईल ते?"

ती हे रागानं म्हणाली. तिला आमच्याशी भांडायचं होतं, आणि तो तिचा हक्क होता. पण मी तिच्याकडं बघतच राहिले. नाव तेच. घर तेच. आत राहणारा माणूस नवा.

मी उठून उभी राहिले. तेवढ्यात आतून चहा आला होता, म्हणजे समेट व्हायला लागला होता. मी "येते" म्हटलं आणि तशीच निघाले. मागं म्हातारी आप्पांना विचारत होती, हिला माझं बोलणं लागलं काय? आप्पांनी नंतर मला सांगितलं की चहा टाकून जाणं हा आणखी एक अपमान झाला असता, म्हणून त्यांनी दोन्ही कप प्यायले, आणि दोन्ही कपांत साखर पातेल्यातलीच असावी.

घरी येऊन मी प्रोग्राम उघडला. फडताळांना मी क्रमांक दिले होते. एखाद्या कॅमेऱ्याची तार निसटली की त्याचा थ्रेड मरतो आणि त्याचं फडताळ रिकामं होतं. तार पुन्हा बसली की नवा थ्रेड जन्माला येतो आणि जे फडताळ रिकामं दिसेल ते घेतो. फौंड्रीत जमीन थरथरते. दोन तारा एकदम निसटायच्या, दोन थ्रेड मरायचे, आणि नवे जन्मायचे ते उलट्या क्रमानं. साध्या कॅमेऱ्याच्या फडताळात रंगीत कॅमेरा राहायला यायचा. पण जुन्याच्या काही छोट्या जागा तेव्हा तपासणाऱ्याकडं गेलेल्या असायच्या. तो तपासून झाल्यावर कपाळावरचा क्रमांक वाचायचा, घर शोधायचा, आणि आप्पांच्याच इमानदारीनं "घ्या" म्हणून नव्या माणसाच्या हातात द्यायचा. नवा माणूस बघायचा नाही, मोजायचा नाही. आपल्या फडताळात आहे म्हणजे आपलंच, आपल्याच मापाचं. आणि तिप्पट फोटो त्यात ओतायचा.

माझ्या टेबलावर हे कधी झालं नव्हतं, कारण माझ्या टेबलावर तारा निसटत नव्हत्या. आणि मला ते कधी सुचलं नव्हतं, कारण प्रोग्राम सुरू असेपर्यंत थ्रेड मरेल हे मी धरलंच नव्हतं. आपण सगळेच तसं धरत नाही.

दुरुस्ती अगदी थोडी होती. क्रमांकाच्या शेजारी पिढी लिहायची. फडताळात नवा थ्रेड आला की पिढी एकानं वाढवायची. जागा परत आणणाऱ्यानं क्रमांकही बघायचा आणि पिढीही. दोन्ही जुळले तर फडताळात ठेवायचं. पिढी मागची असेल, तर देणारा आता नाही असं समजून ती जागा सामाईक कोठीत जमा करायची. तिथून कुणीही घ्यावी, मापून. मागची पिढी आणि नवी पिढी एकमेकांत मिसळणार नाहीत, आणि कुणाचा अपमान होणार नाही.

लॅपटॉपवरच प्रोग्राममधले खोटे कॅमेरे उभे करून मी त्यांच्या तारा मुद्दाम ओढून ओढून बघितलं. जुना प्रोग्राम लगेच आडवा झाला, नवा उभा राहिला. मग मी सांगायला उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आईला यातलं काहीही कळायचं नाही, पण ती प्रत्येक वेळी विचारायची, म्हंजे आता नीट जेवशील का? मी दाराची चौकट धरून थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

पातेलं दुपारी काकूकडं पोचलं. मामीनं स्वतः नेऊन दिलं, आत पोहे घालून. काकू मला म्हणाली, तुझ्या बापाला सांग, आता पोह्यांची परतफेड करायला आमच्यात येऊ नको म्हणावं, मी करतो काय करायचं ते.

चाचणीच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं बेळगावला गेले. फौंड्रीत साहेब माझ्या आधी येऊन बसले होते. मी त्यांना सांगितलं की दोष सापडला आहे, आणि तो असा असा होता. त्यांनी एकच विचारलं, म्हणजे मी तार उपटली तर? मी म्हटलं, उपटा. त्यांनी उपटली, पुन्हा लावली. पट्टा सरकत राहिला. त्यांनी दोन उपटल्या आणि मुद्दाम उलट्या क्रमानं लावल्या. मग त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते इतक्या वेळा तारा काढत-लावत राहिले, की फौंड्रीचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, प्रोग्राम टिकेल हो, पण कॅमेऱ्याचं सॉकेट राहणार नाही.

पाळी संपली तेव्हा प्रोग्राम चालूच होता. साहेब पडद्याकडं बघत कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. ते कन्नडमध्ये पुटपुटले म्हणजे खूश असतात. मग मराठीत म्हणाले, आता याला हात लावू नको, आणि पुण्याचं विसर.

आप्पांना फोन लावला तर त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. हायवेनं निपाणीला पोचेपर्यंत मी फोन लावतच होते. स्टँडवर उतरले तर आप्पा समोर सिमेंटच्या बाकावर बसलेले. फोन घरी राहिला होता. मी विचारलं, इथं कसे? ते म्हणाले, पान खायला आलतो. आमच्या घरापासून स्टँडपर्यंत पानाच्या कितीतरी टपऱ्या आहेत. आणि त्यांचं तोंड कोरडं होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"चाललं. अख्खी पाळी."

"म्हंजे?"

"म्हंजे पुण्याला जायला लागत न्हाय."

आणखी एक बस आली, माणसं उतरली, गेली. कंडक्टरनं कन्नड हेलात चिकोडी, चिकोडी असा पुकारा केला. मग आप्पा समोर बघतच म्हणाले, "मला जमलं नसतं गं."

मी म्हटलं, "मला तरी कुठं."

आम्ही चालत निघालो. जवळची वाट सोडून त्यांनी बाजारातली लांबची धरली, आणि मी विचारलं नाही का ते. आयुष्यभर न बोलणारा हा माणूस त्या दिवशी दिसेल त्याला थांबवून सांगत होता की पोरगी हितंच ऱ्हाणार, मशीनमधला घोटाळा तिनं शोधून काढला. कुणी विचारलं नसलं तरी. घोटाळा नेमका काय होता, हे मात्र तो प्रत्येकाला वेगळं सांगत होता. किराणावाल्याला म्हणाला, तार ढिली होती. शाळेतल्या जुन्या मित्राला म्हणाला, कॅमेऱ्यांना रंग दिसत नव्हता. भाजीवालीला म्हणाला, आतली माणसं मरत होती, आता मरत नाहीत. आणि भाजीवालीनं हात जोडले.

मी शेजारी पिशवी धरून उभी होते. एकदाही आप्पांना दुरुस्त केलं नाही.